आधी थांबवायची कमांड

दादरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरवर प्रवेशपरीक्षा होती. तिथलं नेटवर्क आमची कंपनी बघते, म्हणून त्या दिवशी मी हजर. पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि तळमजल्यावरच्या खोलीत एकेक मशीन अडकायला लागलं. उत्तर दाबलं तरी पुढचा प्रश्न येईना. वरच्या खोल्या मात्र व्यवस्थित चालू होत्या.

लॅबचे सर घामाघूम होऊन माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले. "मॅडम, राउटर एकदा बंद करून चालू करा ना."

"सर, वरची पोरं त्याच राउटरवर आहेत. ती काय तोवर भेंड्या खेळतील?"

"मग ते डिबग लावा. तुमच्या आधीचा माणूस लावायचा. सगळं भराभर स्क्रीनवर यायचं."

तेच तर नको होतं. डिबग म्हणजे राउटरला सांगायचं, बाबा रे, तू जे करतोयस ते बोलून दाखव. कामात बुडालेल्या राउटरला सगळंच बोलायला लावलं की तो बोलतच सुटतो, आणि मी 'थांब' म्हटलेलं त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. मग वरच्या खोल्याही बंद. वर्ष त्या पोरांचं जाणार. मला भयंकर भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी जास्तच खेकसते.

माझे पहिले साहेब लालबागचे, अस्सल मालवणी. म्हणायचे, "आधी ब्रेक बघ गो, मगे चावी फिरव." म्हणून मी आधी नुसतं बघणाऱ्या कमांड दिल्या, ज्यांनी काही बदलत नाही. राउटरवर भार किती ते पाहिलं. झेपेल असं वाटलं. डिबगचं बोलणं स्क्रीनवर न येता आत मेमरीत साठेल असं केलं. स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत सगळं डिबग थांबवायची कमांड टाइप करून ठेवली, फक्त एंटर बाकी. मग अडकलेलं एकच मशीन निवडलं, तेही फक्त नेटवर्कवरचा आपला पत्ता कुठून मागतंय एवढंच ऐकायला.

"एकच? अहो, अख्खी खोली अडकलीय," सर म्हणाले.

"सर, तुम्ही जरा पाणी प्या."

डिबग लावलं, क्षणभर थांबले, एंटर मारून बंद केलं. साठलेलं वाचलं तर मशीन आमच्या राउटरला सोडून भलत्याच कुणाकडून पत्ता घेत होतं. त्या चुकीच्या पत्त्यावरून परीक्षेच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नव्हतं. तो भलता कुठल्या सॉकेटवर बसलाय हे सगळ्या वायरी जिथे येतात त्या नेटवर्कच्या स्विचला विचारलं. शेजारची स्टाफरूम निघाली.

सरांचा चेहरा उतरला. "तो मी लावलाय. घरचा जुना वायफाय. सकाळी नेट हळू वाटलं, म्हटलं पोरांना बॅकअप असू दे."

मी काही बोलायच्या आत ते धावले आणि वायर उपटून आले. आम्ही अडकलेली मशिन्स एकेक करून परत जोडली. प्रश्न सरकायला लागले. वाया गेलेला वेळ त्या खोलीला वाढवून मिळाला.

पेपर सुटल्यावर मी फाटकापाशी उभी राहिले. वरच्या खोल्यांतली पोरं गणित काढणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत बाहेर पडली. त्यांच्या मागून खालच्या खोलीतली एक मुलगी आली. आईने विचारलं, "कसा गेला?"

"मध्ये बंद पडलेलं. मग झालं चालू. पण गणित काय घाण काढलंय गं."

एवढं बरं वाटलं मला. त्या दिवशी सगळ्यांचं भांडण फक्त गणिताशी होतं.