किल्ली मागायची लाज

माझी धाकटी जाऊ शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. अंगानं भरलेली, बोलायला फटकळ; पण स्वतःचं दुखणं सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. डोकं ठणकायचं, वाकून उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. पाठीतून पाणी काढून दाब मोजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलाय, डोळ्यामागची नस सुजलीय. वजन उतरवा आणि या गोळ्या चुकवू नका. नजरेचा प्रश्न आहे."

गोळ्यांनी तिला सारखं लघवीला लागायचं. कारखान्यात संडासाची किल्ली देखरेखीवरच्या मास्तरांच्या टेबलामागे, खिळ्याला. दर वेळी सगळ्यांदेखत मागायची. शेजारच्या मशीनवरची एकदा म्हणाली, "काय गं, नळाचा वायसर गेला का?" सगळ्या हसल्या. हीसुद्धा हसली, आणि त्या दिवसापासून दुपारची गोळी बंद.

घरात कुणाला पत्ता नाही. मी रोज तिच्या डोळ्यांसाठी देवापुढे हात जोडत होते, आणि घरी संडासाबाहेर खोळंबले की "अगं, आत मुक्काम ठोकलास का?" असं मीच म्हणत होते. मला ती कशाला सांगेल?

आज तपासणी होती. यंत्रात डोकं घालायचं, दिवा दिसला की बटण दाबायचं. बाहेर येऊन मला म्हणाली, "वहिनी, यांचं मशीन बिघडलंय. कडेचे दिवे लागतच नाहीत."

"लागत होते," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "गोळ्या घेऊनही नजर आकसत असेल तर ऑपरेशन करावं लागेल. नीट घेता ना?"

"हो."

मीही ठामपणे मान हलवली. मग ती ओढणीचं टोक पिळत पुटपुटली, "दुपारची नाही घेत. किल्ली मागावी लागते."

बाई रागावल्या नाहीत. "गेलेलं परत येईलच असं नाही. उरलेलं राखू. आजपासून पूर्ण घ्या, आठवड्यानं पुन्हा बघते."

तिथून ती थेट कारखान्यात गेली, मी मागोमाग. मशीनं चालूच होती. मास्तरांपुढे उभं राहून म्हणाली, "डोळ्यांच्या गोळ्या आहेत, सारखं जावं लागतं. आता विचारणार नाही, किल्ली घेऊन जाईन."

मास्तर मान वर न करता म्हणाले, "घे की. मी कधी नाही म्हटलं?"

शेजारचीचं मशीन थांबलं. जाऊनं मास्तरांच्याच माठातलं पाणी घेतलं आणि दुपारची गोळी गिळली. त्या शेजारचीची मान खालीच होती. दारात उभ्या उभ्या माझीही खाली गेली.