बाबांचा डावा पाय

बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला आले आणि पाचव्या आठवड्यात त्यांना स्ट्रोक आला. बोलणं शाबूत राहिलं, तेही जरा जास्तच. डावा पाय मात्र ऐकेना. उभं राहिलं की गुडघा एकतर दुमडायचा, नाहीतर खाडकन मागे जायचा.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर व्यायामासाठी एक थेरपिस्ट यायला लागली. पंचविशीतली हसरी मुलगी. किचन काउंटर धरून गुडघा थोडा वाकवायचा आणि सावकाश सरळ करायचा, एवढंच काम. बाबा तो एका झटक्यात सरळ करत.

"स्लो, स्लो!" ती म्हणायची.

"काय म्हणते?"

"हळू करा म्हणते."

"हळूच करतोय की. माझं वय बघ म्हणावं."

तिसऱ्या दिवशी माझाच धीर सुटला. "बाबा, असा क्लच सोडला असतात तर टँकर चढावर बंद पडला असता!"

बाबांनी तीस वर्षं सांगलीत दुधाचा टँकर चालवलाय. ते पायाकडे बघत राहिले. मग गुडघा इतका अलगद सरळ झाला की त्या मुलीने टाळ्याच वाजवल्या.

"काय सांगितलंस त्यांना?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं. तर तिने आयुष्यात क्लच पाहिलेलाच नव्हता. तिची गाडी ऑटोमॅटिक, तिच्या आईचीही. हे मी बाबांना मराठीत सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा स्ट्रोकचं निदान ऐकतानाही पडला नव्हता तेवढा पडला.

"हिला लायसन्स दिलं कुणी?"

मग त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या डाव्या पायाखाली माझी चप्पल क्लच म्हणून ठेवायला लावली. तिने पाय पटकन उचलला की बाबा ओरडत, "बंद पडली!" त्याचं भाषांतर तिने कधीच मागितलं नाही. पुढच्या वेळेपासून ती व्यायाम सांगायची तोच मुळी "क्लच, टेन टाइम्स" असा.

परतीचं तिकीट पुढे ढकललं. हळूहळू बाबा काठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेलबॉक्सपर्यंत एकटे जाऊ लागले. दमले की गुडघा अजून मागे जातो, पण पडले नाहीत.

शेवटच्या दिवशी निघताना तिने त्यांना घट्ट मिठी मारली. बाबांच्या हातातली काठी खाली पडली. दोन्ही हात हवेत धरून ते ताठ उभे. गुडघा तसूभर हलला नाही.

ती गेल्यावर हळूच मला म्हणाले, "हासुद्धा व्यायामच होता का गं?"