भैय्याच्या गाडीचा डावा दरवाजा

"पट्टा काढ," बंगल्याच्या फाटकावरचा माणूस म्हणाला. मी काढला. आमच्या कामात पट्टा, घड्याळ, अंगठी काढूनच गाडीला हात लावतात. बक्कल घासलं की रंगावर ओरखडा येतो. मनात म्हटलं, माणसं जाणकार दिसतात.

मग तो म्हणाला, "खिसे उलटे कर." केले. "मोबाइल हितं ठेव." ठेवला. वहीत लिहायला त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. नाव ऐकल्यावर त्याने वही बाजूला सारली आणि खिसे पुन्हा तपासले. या वेळी स्वतःच्या हाताने. मग बूट काढायला लावले, मोजे चाचपले. शेजारी माळी झाडांना पाणी घालत होता, तो बघत राहिला. माझं वय बेचाळीस. घरी दोन मुली आहेत. मी गप्प उभा राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते.

चौसाळ्याजवळ हायवेला माझं दुकान आहे. गाड्यांना रॅप चढवतो, म्हणजे रंगावर नव्या रंगाची फिल्म. पुण्यात राहून शिकलो. अब्बा ट्रकच्या मागची अक्षरं रंगवायचे, त्यामुळे हात आधीच बसलेला होता. आमच्याकडे लोक कामावर नव्हे, हातावर विश्वास ठेवतात. 'ह्याच्या हातानं रंग खराब होत न्हाई' एवढं एक वाक्य लोकांच्या तोंडी होतं. माझी सगळी कमाई तीच.

गाडी होती भैय्याची. भैय्या म्हणजे आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा, साहेबांचा मुलगा. मुंबईहून त्याने वापरलेली परदेशी स्पोर्ट्स कार आणली होती. पिवळी, दोनच दारं, जमिनीला टेकलेली. वडवणीच्या रस्त्यावर गतिरोधक आला की दोन माणसं फळ्या घेऊन पुढे पळायची आणि गाडी त्या फळ्यांवरून जायची. भैय्याला ती वाढदिवसाच्या मिरवणुकीआधी काळी करून हवी होती. चमक नसलेली काळी, छतावर लाल पट्टा. काम शेतातल्या बंगल्यावरच करायचं, गाडी बाहेर पाठवायची नाही. यांचा माझ्यावर भरवसा नाही, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी चहा आला. सगळ्यांना कपबशी, मला कागदी कप. आणि वर भैय्या म्हणतो, "लाजू नको, तू आपलाच माणूस हायस." मला कुणी आपला माणूस म्हटलं की आता मी सावध होतो. आपल्या माणसाचे मोजे कुणी तपासत नाही.

चूक माझ्याकडूनही झाली. काम सुरू करण्याआधी मी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढतो. मालकाला शेजारी उभा करून एकेक पत्रा वाजवून दाखवतो. ही आमची रीत. पण मोबाइल फाटकावर होता. आणायला जायचं म्हणजे पुन्हा झडती. मी फोटो राहू दिले, पत्रा वाजवून दाखवणंही राहिलं. लोकांना सांगताना कंटाळा केला म्हणतो. खरं म्हणजे भ्यालो होतो.

तीन दिवस रोज तेच. येताना झडती, जाताना झडती. चौथ्या दिवशी डाव्या दरवाज्यावरची जुनी पारदर्शक फिल्म सोडवायला घेतली. फिल्म निघाली आणि तिच्यासोबत हातभर रंगही निघाला. पिवळ्याखाली पत्र्याचे खड्डे भरायची राखाडी पुट्टी. मी फिल्म तापवायची हीट गन बंद केली. बोटाने पत्रा वाजवला. उजवा दरवाजा टणटण वाजत होता, हा मुका. गाडी कधीतरी जबर ठोकलेली होती. पुट्टी भरून, वरून रंग मारून भैय्याच्या गळ्यात मारली होती. कंपनीचा रंग फिल्मबरोबर असा सुटत नाही.

साहेबांचे कारभारी आबा धावत आले. "कावून बे, काय केलंस हे?"

"आबा, दरवाजा आधीच ठोकलेला हाय. वरून रंग मारलाय."

"भैय्याची गाडी ठोकलेली? तोंड सांभाळ. वरिजनल दरवाजा बदलला आसंन तू."

"येता-जाता माझे मोजे तपासता तुमी. एवढा दरवाजा मी कुठून नेला?"

माळ्याला हसू फुटलं. ते मला महागात पडलं. आबांनी कानाखाली एक वाजवली.

तेवढ्यात भैय्या आला. वाकून बघितलं. त्याने स्वतः बोटाने दरवाजा वाजवला आणि त्याचे कान लाल झाले. त्याला कळलं होतं. हे मी शपथेवर सांगतो. तो ओरडला नाही. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "हे बघ, मोबाइलसमोर एवढंच बोल. गन जास्त तापली, माझ्या हातानं रंग गेला, माफी करा. तुझ्याकून काय भरून घ्यायचं न्हाई. विषय संपला."

खांद्यावरचा तो हात मला थपडेपेक्षा जड वाटला. मुंबईच्या एका विक्रेत्याने साहेबांच्या मुलाला मामा बनवलं, हे तालुक्यात कळलं तर लोक हसणार. त्यापेक्षा फिल्म लावणाऱ्याने रंग जाळला, हे बरं. त्याच्या गाडीचा डाग झाकायला आता माझं तोंड हवं होतं. तो व्हिडिओ वडवणीपासून घाटनांदूरपर्यंत प्रत्येक मोबाइलवर गेला असता. त्यानंतर माझ्या हातात कोण गाडी देणार होतं?

अब्बा म्हणायचे, मोठ्यांपुढे चूक कबूल करावी, आपली असो वा नसो, घर चालतं. त्यांचं घर चाललं, हे खरं. पण अब्बांना मान वर करून बोलताना मी कधी बघितलं नाही. आबांनी मोबाइल समोर धरला. 

"मी न्हाई बोलणार."

"काय?" भैय्या म्हणाला.

"रंग माझ्या हातानं गेला न्हाई. काढा व्हिडिओ. दरवाज्यावर बोट ठिवून बोलतो, आत पुट्टी हाय म्हणून."

मोबाइल खाली गेला. माझी सगळी हत्यारं त्यांनी ठेवून घेतली. फाटकावरचा माणूस सवयीने खिशाकडे वळला. मी म्हटलं, "हात लावू नका." त्याने हात मागे घेतला. इतकं सोपं होतं ते. पहिल्याच दिवशी का म्हटलं नाही, याचा राग मला त्याच्यावर नाही, माझ्यावर आला.

पुढे त्यांनी बोभाटा केलाच, याने भैय्याची गाडी जाळली म्हणून. तिकडची गिऱ्हाइकं तुटली. मीही गप्प बसलो नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पुट्टीची गोष्ट सांगितली. आजही सांगतो.

तीन महिन्यांनी आबा दुकानावर आले. साहेबांनी नवी जीप घेतली होती, ती रॅप करायला सोबत आणली होती. एवढं बारीक काम करणारा दुसरा जवळपास सापडला नव्हता.

"झालं गेलं सोड. साहेब इसरले, तू बी इसर."

"मी न्हाई इसरलो. भैय्याला घिऊन या. दरवाजा आधीच ठोकलेला होता आन् झडती घेतली ती चूक होती, हे त्यानं हितं चार लोकांत बोलावं. मग जीप आत घेतो."

"तुला बीडात धंदा करायचाय का न्हाई?"

"करायचाय. म्हणूनच सांगतोय."

आबा जीपमध्ये बसले. मग जीप वळवून गेले. भैय्या अजून आलेला नाही, येईल असं मला वाटतही नाही. तोवर त्या घरच्या सायकलीलासुद्धा माझा हात लागणार नाही.