गाऱ्हाण्यात घेतलेलं नाव

गेल्या महिन्यात एका सोमवारी मसुऱ्याला आमच्या वाडीतल्या देवळात मी नारळ ठेवला... आणि एका माणसाचा विश्वास घालवून बसले.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी पोस्टिंग होती त्याच वॉर्डात आमची शेजारची काकी अ‍ॅडमिट झाली. छातीत गाठ, ऑपरेशन ठरलेलं. वाडीत मात्र सांगून आलेली, कुडाळला बहिणीकडे जातेय म्हणून.

तिची लेक कोल्हापूरला इंजिनिअरिंगला, दोन पेपर बाकी. काकी म्हणाली, "कोणाक सांगू नको. तिका कळता नये हां. परीक्षा झाली की मीच तिका सांगान." मी हात हातात घेऊन कबूल केलं. गोपनीयतेवर पेपरात दीड पान लिहून आलेली बाई मी, मला कोण शिकवणार!

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी राहवेना. देवळात गेले, गुरवकाकांना म्हटलं, देवाला गाऱ्हाणं घाला. कोणासाठी, कसलं दुखणं, ते सांगावंच लागतं ना... सांगितलं. "कोणाला सांगू नको" यात देवही येतो, हे डोक्यातच आलं नाही. आणि गाऱ्हाणं मोठ्याने घालतात, हे तर जन्मापासून ऐकत आलेय मी!

गुरवकाकांनी काकीचं नाव घेतलं, गाठीचंही सांगितलं. "...तिका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!" आरतीला जमलेली अख्खी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा!"



कोणीतरी काळजीपोटीच लेकीला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती पेपर सोडून, रडत वॉर्डात हजर. काकीला ऑपरेशनला न्यायची तयारी चालली होती. तिने लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती नजर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

ऑपरेशन नीट झालं. चार दिवसांनी मी काकीजवळ सगळं कबूल केलं, कॉलेजच्या मॅडमनाही सांगितलं. मॅडम खूप बोलल्या. काकी ओरडली असती तर बरं झालं असतं... ती एवढंच म्हणाली, "पेपर काय, ती परत देईत. पण तिका माका माझ्या तोंडान सांगूचा होता गो."

तो हक्क तिचा होता. मी प्रेमाने का होईना, तो हिसकावून घेतला. माफी मागितली, पण तो परत देता येत नाही.

काल हे लिहून झाल्यावर काकीकडे गेले. वाचून दाखवलं, हे सगळ्यांना वाचायला टाकू का विचारलं.

ती म्हणाली, "घाल. पण नाव नको. ह्या खेपेक इचारलंस, ता बरा केलंस."