माझं उतरलेलं अंग

माझं लग्न जमलं ते माझ्या अंगाकडं बघून. सासू मला बघायला आली तेव्हा तिनं माझे नाक-डोळे बघितले नाहीत. माझं मनगट धरलं, दंड चाचपला आणि माझ्या मायला म्हणाली, "पोर भरीव हाये. आमच्याकडं जात्यावर दोघी बसतात. ही एकटी ओढंल." माय हसली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी लहानपणापासूनच मोठ्या अंगाची. वडीगोद्रीला आमच्या आळीत मला कुणी जाडी म्हणे, कुणी भोपळा म्हणे. पण डोक्यावर भरला हंडा आणि काखेत घागर घेऊन मी आडावरून निघाले की तीच माणसं बाजूला होऊन वाट देत.

सासर घनसावंगीजवळचं, गोदावरीच्या अंगाला. घरात सासू, थोरले दीर, जाऊ आणि माझे मालक. सासू बोलली होती तसंच झालं. जातं मी एकटी ओढायची, जाऊ समोर बसून दाणे घालायची. तिला मी अक्का म्हणत असे. ती माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी, बुटकी, गोल तोंडाची आणि कमी बोलणारी. तिला मूल नव्हतं. त्यावरून सासू तिला येता-जाता बोले, आणि माझ्या कामाचं कौतुक आल्यागेल्याला सांगे. अक्का दोन्ही ऐकून घ्यायची. तेव्हा मला तिचं काही वाटत नसे. मी माझ्या ताकदीच्या तोऱ्यात होते.

तीन वर्षांनी मला मुलगी झाली. ती मांडीवर कधी निजली नाही. मी दुपारी आडवी झाले की रांगत यायची, माझ्या पोटावर चढायची आणि माझ्या दंडाचं मांस मुठीत धरून झोपायची. तिची नखं रुतायची. मी हलत नसे.

ती दीड वर्षाची होती त्या साली गावात मुदतीचा ताप पसरला. नदीचं पाणी गढूळ होतं, आडाचं पाणीही बिघडलं होतं. आमच्या आळीत दोन माणसं गेली. मला ताप आला तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. एवढ्या थोराड बाईला काय होतंय, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. पाच दिवस मी तापातच दळलं. सहाव्या दिवशी जात्याचा खुंटा हातातून सुटला आणि मी तिथंच कलंडले.

घनसावंगीचे म्हातारे हकीम बैलगाडीतून आले. बराच वेळ नाडी धरून बसले.

"मियादी बुखार है," ते सासूला म्हणाले. "दाना बिलकुल नक्को. चावल का पानी देव, मूंग का पानी देव. और बच्ची को माँ से दूर रखो."

अक्कानं पोरीला माझ्या अंगावरून उचललं. पोर ओरडत गेली. मधल्या भिंतीपलीकडून तिचं रडणं मला दिवसभर ऐकू येई. मग एके दिवशी ते थांबलं. थांबलं म्हणून मला बरं वाटलं, हे मला अजून आठवतं.

किती आठवडे गेले ते मला नंतर सांगितल्यावर कळलं. माझं दूध आटलं. केस हाताला येऊ लागले, मग सासूनं ते कापूनच टाकले. ताप उतरला त्या दिवशी हकीम पुन्हा आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जान बच गई बेटी. गोश्त का क्या है, आता-जाता रहता है."

पहिली अंघोळ घालायला सासू आणि शेजारची एक बाई होती. दोघींनी मला काखेत धरून दगडावर बसवलं आणि लुगडं सोडलं. मी खाली बघितलं. पोटाची कातडी रिकाम्या पखालीसारखी मांड्यांवर लोंबत होती. गुडघ्याची हाडं मांड्यांपेक्षा जाड दिसत होती. दंडात लग्नातलं चांदीचं कडं होतं. ते इतकं घट्ट बसलेलं की बाळंतपणातही निघालं नव्हतं. सासूनं हातावर पाणी ओतलं तसं कडं कोपरावरून, मनगटावरून सरळ खाली आलं आणि घंगाळावर आपटलं. सासूनं कडं उचललं, पदराच्या टोकाला बांधलं आणि माझी पाठ चोळू लागली. पाठ चोळता चोळता तिचा हात मध्येच थांबायचा. माझी हाडं तिच्या हाताला लागत होती.

चार दिवसांनी माझी माय आली. मी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. माय गाडीतून उतरली, दारात आली, माझ्यावरून नजर फिरवून आत बघत तिनं सासूला विचारलं, "विहीणबाई, माझी लेक कुठं हाये?"

सासूनं नुसतं ओसरीकडं बघितलं.

"माय, मी हितं बसले," मी म्हणाले.

आवाज तेवढा माझाच राहिला होता. माय वळली. माझ्याजवळ आली आणि खालीच बसली. तिनं माझे दोन्ही पाय ओढून पोटाशी धरले. "हे काय झालं गं बाई माझे," एवढंच ती म्हणत राहिली.

मायच्याच आग्रहावरून त्या दुपारी अक्कानं पोरीला आणलं. दोन महिन्यांत ती उंच झाली होती, नीट चालत होती. मी हात पुढं केले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, डोक्याकडं बघितलं आणि अक्काच्या लुगड्यामागं गेली.

"जा की, तुझी माय हाये ती," अक्का म्हणाली. तिनं पोरीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. मग सवयीनं तिचा हात माझ्या दंडाकडं गेला. तिथं नुसती ढिली कातडी होती. ती तिच्या मुठीत आली, आणि पोरीनं मूठ सोडून हात झटकला, एखादी ओली वस्तू हाताला लागावी तसा. मग ती अशी किंचाळली की दीर गोठ्यातून पळत आले, काय झालं म्हणून.

अक्कानं तिला उचलून नेलं.

"लेकरू हाये, इसरलं," माय म्हणाली. "अंग भरलं की येईल बघ."

मलाही तेच खरं वाटत होतं. अंग भरलं की सगळं होईल. म्हणून मी उठले. पण अंग उतरलं तशी ताकदही उतरली होती, आणि ते माझ्या मनाला ठाऊक नव्हतं. मन अजून जुन्याच हिशेबानं चालत होतं. दारातून जाताना मी अंग तिरकं करून जायची, जागा पुष्कळ असली तरी. हंडा उचलायला वाकायची, तर हंडा जागचा हलायचा नाही. एका सकाळी कुणाला न सांगता मी आडावर गेले. पोहरा शेंदून अर्ध्यावर आणला आणि दोर हातातून सुटला. दोरासोबत मीही काठापर्यंत ओढली गेले. तिथल्या दोघींनी लुगडं धरलं म्हणून वाचले. हाताची साल निघाली होती.

त्या दोघींनीच घरी येऊन सांगितलं. त्यांतली एक हळूच सासूला म्हणाली, "ताप तर गेला ना? मंग ही खंगूनच का राह्यली? नीट बघा बाई. दुसरंच काही नसावं."

दुसरंच म्हणजे क्षय. तो शब्द कुणी उच्चारला नाही. पण त्या दिवसापासून माझं ताट-तांब्या वेगळं झालं, आणि पोरीला माझ्याकडं आणायचं थांबलं. मला खोकला नव्हता. मी मुद्दाम सगळ्यांसमोर मोठमोठ्यानं श्वास घेऊन दाखवी. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मालक वाईट माणूस नव्हते. ते मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. पण मी जवळ गेले की त्यांना काय करावं ते कळत नसे. एकदा मी भाकर घेऊन शेतात गेले. ते पाठमोरे बसले होते, मी अगदी जवळ जाऊन बोलले तसे दचकले. "तू येतीस ते कळतच न्हाई आता," ते म्हणाले. "आधी पावलं वाजायची तुझी." हसतच म्हणाले. मीही हसले. त्या हिवाळ्यात ते ओसरीवर झोपू लागले.

पुढं सासूनंच मला माहेरी पाठवलं. "चार म्हैने राहा. खा-पी. अंग धरून ये." पोरीला नेऊ दिलं नाही. माहेरी मायनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. म्हशीचं दूध, लोणी, डिंकाचे लाडू, खारीक. मला आत काही जायचं नाही, तरी मी खायची. खायची आणि परसात जाऊन ओकायची, आणि तोंड धुऊन पुन्हा ताटावर बसायची. माय समोर बसून माझा एकेक घास बघे. रोज सकाळी मी बोटांचं कडं करून दंडाभोवती धरून बघे. आधी बोटं सहज मिळत. चार महिन्यांनी थोडं अंतर पडू लागलं. तेवढंच. केस खांद्यापर्यंत आले होते. कातडी मात्र आवळली नाही. मी बरी झाले होते तरी म्हातारीसारखी दिसायची, आणि माझं वय तेव्हा बावीस-तेवीस असेल.

परत आले तेव्हा पोर अंगणात खेळत होती. अक्का तुळशीपाशी धुणं वाळत घालत होती. पोरीनं हाक मारली, "माय, हे बघ!" मी वळून बघितलं. हाक अक्काला होती.

मी सरळ अक्कापुढं जाऊन उभी राहिले. "माझी पोर मला दे."

"ने की," अक्का म्हणाली. "मी न्हाई म्हणले का कधी?"

"तिला माय म्हणायला तू शिकवलंस."

"मी न्हाई शिकवलं. आईच्यान." तिच्या हातातलं धुणं तसंच होतं, पाणी तिच्या पायावर गळत होतं. "तिचं तीच म्हणली. मी तिला न्हाई म्हणायला पायजेल होतं. पण तसं म्हणवलं न्हाई मला."

मी पोरीला उचललं आणि आत नेलं, दार लावलं. तिसऱ्या प्रहरापासून दिवस मावळेपर्यंत ती दाराशी उभी राहून रडली. मी गूळ दिला, तिनं घेतला नाही. मी गाणं म्हटलं, जात्यावर म्हणायची तेच. तिनं कान झाकले. शेवटी रडून रडून तिला उमासे येऊ लागले, आवाज बसला, तोंड काळंनिळं झालं. दाराच्या पलीकडं अक्का उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता, पण तिनं दार वाजवलं नाही. तिनं वाजवलं असतं तर कदाचित मी हट्टाला पेटले असते.

मी दार उघडलं आणि पोर तिच्या हातात दिली. मीच दिली. हे मी सांगते, कारण पुढं गावात निराळं बोललं गेलं, की जावेनं लेकरू हिसकावलं. तसं झालं नाही.

त्यानंतर मला मूल झालं नाही. पाळी दोन वर्षं आलीच नाही, मग आली ती कशीबशी. कामाचं मात्र जमत गेलं. जातं पुन्हा दोघींचं झालं, अक्का आणि मी समोरासमोर. बसायला मी गोधडीची घडी घेऊ लागले. कापूस वेचायला मला वाकायचा त्रास होत नसे, कपाशीच्या तासांमधून भराभर पुढं जायची, म्हणून वेचणीला सासू मला पाठवी. खंगून मरत नाही असं दिसल्यावर माझं ताटही सगळ्यांत आलं. गल्लीतली पोरं मला काकी म्हणत, माझी मुलगीही काकी म्हणू लागली. मी ओ द्यायची. पहिल्या वेळी ओ दिली तेव्हा चुलीपाशी होते, तव्यावरची भाकर पार करपली तरी मला उलटायचं सुचलं नाही.

निजामाचं राज्य जायच्या आधीचा तो उन्हाळा. गावोगाव धाक होता, रोज नवी बातमी येई. बरीच माणसं बायका-पोरांना घेऊन हद्दीपलीकडं वऱ्हाडात निघाली होती. आम्हीही उजाडताना निघालो. गाडीत सासू आणि सामान, आम्ही चालत. दुसऱ्या दिवशी मंठ्याच्या पुढं एका नाल्यात गाडी वाळूत फसली. पुरुष सामान उतरवू लागले. "तुम्ही पुढं व्हा," मालक म्हणाले, "पल्याडच्या गावात थांबा. जल्दी चला."

मुलगी तेव्हा सात वर्षांची. सकाळीच तिच्या टाचेत काटा मोडला होता आणि पाय सुजला होता. अक्काचे गुडघे गेले होते, तिला स्वतःचंच अंग ओढवत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पोरीला पाठीवर घेतलं. इतक्या वर्षांनी तिचा सगळा भार माझ्या अंगावर आला. मी चालू लागले. शंभर पावलं गेले असेन, दीडशे. डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली, छातीत सुया टोचू लागल्या. मी थांबले नाही.

"काकी, उतरव मला," ती कानाशी म्हणाली. "तुला धाप लागून राह्यली."

"न्हाई लागली."

"लागली. तुझं काळीज वाजतंय, मला लागतंय पाठीतून. उतरव."

मी तिला खाली ठेवलं. ती लंगडत अक्काकडं गेली आणि तिचा पदर धरून चालू लागली. मी मागं राहिले. थोड्या वेळानं तिनं दोनदा मागं वळून बघितलं, मी येते की नाही ते.

पलीकडच्या गावात पहिल्याच घरी आम्ही पाणी मागितलं. घरची बाई तांब्या घेऊन बाहेर आली. आम्हा तिघींकडं बघून तिनं विचारलं, "पोरगी कुणाची?"

अक्का माझ्याकडं बघू लागली.

"यांची," मी म्हणाले. "मी चुलती."

बाईनं तांब्या आधी पोरीला दिला, मग अक्काला, मग मला. गाडी मागून आली, आणि त्या घराच्या पडवीत आम्ही सगळे पावसाळा संपेपर्यंत राहिलो.