हात जाईल एवढी जागा

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातली मांडणी पुसत होते. तिचे यजमान अरविंदराव अगदी हळू बोलत होते. "दुपारी चहा घेतला, पेपर वाचायला बसली, आणि तशीच..."   त्याला आता महिना होऊन गेला. रडून झालं आहे, आणि खरं सांगायचं तर हल्ली शैलाची आठवण आली की आधी हसूच येतं.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी साताऱ्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवायचं, हे आमचं काम. मग ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी तो शैलाच्या हवाली केला. अट एकच होती. शिरवळच्या गिऱ्हाइकाला हवी असलेली मशीनची चौकट, पत्रे जोडून केलेली पेटीच म्हणा, तिनं त्यावर काढून दाखवायची. नाही जमलं तर पुण्याहून शिकलेला माणूस येणार आणि शैला परत शाईच्या बाटलीकडे जाणार. कॉम्प्युटरपुढची ती खुर्ची तिला मनापासून हवी होती. तसं ती बोलून दाखवायची नाही, पण डबा खातानाही तिची नजर पडद्यावर असायची.

ड्रॉइंगमध्ये वेल्डिंगच्या जागी बाण काढून खूण केली की बाकीचे मोकळे व्हायचे. शैलाला ते पटेना. वेल्ड जागा खातो, मग तो दिसायला नको का, असं म्हणत ती प्रत्येक कोपऱ्यात खराखुरा भराव काढत बसायची, करंजीच्या मुरडीसारखा एकसारखा. त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला ते झेपायचं नाही. एक कोपरा उमटेपर्यंत आम्ही खाली जाऊन चहा पिऊन यायचो. वर आल्यावर मी विचारायचे, झाल्या का तुझ्या करंज्या तळून? पण चौकट पुरी झाली तेव्हा साहेबांनी सगळ्यांना बोलावून कौतुकानं दाखवली.

ड्रॉइंग खाली वर्कशॉपमध्ये गेलं आणि दुसऱ्याच दिवशी बापू वर आले. बापू आमचे वेल्डर, माण तालुक्यातले. मनगट मुसळासारखं, आणि वेल्डिंगमधलं आपल्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही हे ते स्वतःच सांगायचे. कागद शैलापुढे ठेवून म्हणाले, "ताई, वेल्ड लय देखणा काढलाय. पर पेटी चारी बाजूंनी बंद हाय. आत हात कुटनं घालू?"

शैला पांढरीफटक पडली. पडद्यावर बंद पेटीच्या आतसुद्धा वेल्ड काढता येतो, कॉम्प्युटर काही हटकत नाही. तिनं सरळ साहेबांकडे जाऊन चूक सांगितली आणि थोडी मुदत मागून घेतली. मला वाटलं, गेली खुर्ची... पण तिनं बापूंना हातमोजा आणि वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर घेऊन वर यायला सांगितलं. बापू फोटो काढायचा असल्यासारखे केस विंचरून आले. मनगट, कोपर, होल्डर, सगळ्यांची मापं घेऊन शैलानं कॉम्प्युटरमध्ये एक हात तयार केला आणि त्याला 'बापू' असंच नाव दिलं. मग तो हात प्रत्येक वेल्डपाशी नेऊन बघायचा; पोचला नाही तर पत्र्याला खिडकी ठेवायची, नाहीतर जोडणीचा क्रम बदलायचा. त्याच दुपारी तिनं माझाही हात कागदावर धरून बांगड्यांसकट पेन्सिलनं काढून घेतला. मला गुदगुल्या झाल्या. मी ती गंमतच समजले.

चौकट बनली, शिरवळला नीट बसली, खुर्ची शैलाकडेच राहिली. एकदा घाईत तो हात पुसायचा राहून गेला आणि तसाच गिऱ्हाइकाकडे पोचला. हा भाग आम्ही मागितलेला नाही, असा तिकडून फोन आला. बापू ते कितीतरी दिवस लोकांना सांगत होते.

पुढे माझ्या नव्या घरासाठी मांडणी शैलानंच काढून दिली आणि बापूंनी केली. फळ्या आणि मागची पट्टी यांच्यात तिनं फट ठेवली होती. इथून डबे पडतील, म्हणून मी कुरकुरलेही होते. आजवर एकही पडला नाही.

गेल्या आठवड्यात अरविंदरावांना भेटायला सांगलीला, विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी गेले, तर तिथं बापू आलेले. आता काठी घेऊन चालतात. मांडणी अजून आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर हसले.

"त्या फटीत माजा हात जाईना. ताईंस्नी म्हनलं, ह्यो काय बापूचा हात न्हवं. तर म्हनल्या, बापू, तुमाला वेल्ड एकदाच करायचाय. तिला रोज पुसायचंय." मग काठी वर रोखून दाखवत म्हणाले, "मग काय, उताना पडून खालनं मारला."

घरी आल्यावर मी फडकं घेतलं आणि फटीत हात घातला. बांगड्यांसकट गेला. इतकी वर्षं जातोच आहे. पट्टीमागचा वेल्ड बोटांना लागतो, चांगलाच वाकडातिकडा, शैलानं दुसऱ्या कुठल्याही कामात खपवून घेतला नसता असा.