जाळीतला उजेड

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. द्वारका चौकाजवळच्या गल्लीत त्यांनी आयुष्यभर गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त केले. रंग द्यायचाच झाला तर पातळ काळ्या रंगाचा एकच फवारा मारायचे आणि वाळल्यावर जाळी उन्हात धरून आरपार उजेड दिसतोय ना, ते बघायचे. जाड रंग फासून आणणाऱ्या गिऱ्हाइकावर ओरडायचे, "अहो, त्याला रंग नको, वारा पाहिजे!"

अर्धांगवायूनंतर ते घरीच बसले. त्या दसऱ्याला पूजेसाठी मी आमची जुनी जीप धुतली आणि फाटकाचा उरलेला ऑइलपेंट ब्रशने रेडिएटरला फासला, चांगले दोन हात. इतकी वर्षं बघूनसुद्धा! अण्णांना खुर्चीत बसवून दाखवलं. चालत्या हाताने त्यांनी जाळी चाचपली आणि म्हणाले, "छान दिसतंय."

पुढे रोज दुपारी ते जीपसमोर बसून असायचे. हाताला थिनरचा वास यायचा. "जरा स्वस्थ बसवत नाही का तुम्हाला?" मी खेकसायचे. ते नुसते हसायचे.

थंडीत ते गेले. महिन्याभराने इगतपुरीला जाताना घोटीच्या अलीकडे जीप तापून बंद पडली. मेकॅनिकने रेडिएटर उतरवला. मी तो अण्णांसारखा उन्हात धरला. एका कडेपासून एकेक ओळ खरवडून साफ केलेली होती.

एकदा ओरडले असते माझ्यावर, तर काय बिघडलं असतं?

निम्म्या जाळीतून उजेड येत होता. उरलेल्या निम्म्यावर माझा रंग तसाच होता.